वजन घटविताना अंगातील त्राण का जाते?

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगेत आंबागड हा लहानसा गिरिदुर्ग आहे. देवगडच्या बख्त बुलंद शाहचा सुभेदार राजाखान पठाण याने इ. स. १७००च्या सुमारास तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या काळात त्याचा उपयोग तुरुंग म्हणून झाला. गडावर जाण्यास पायऱ्या आहेत आणि सह्याद्रीतील दुर्गांच्या मानाने ही चढण काहीच नव्हे. तरीही वजन उतरविण्याच्या निश्चयाने आठवडाभर दोन-चार घासांवर राहिलेला शहरी माणूस रविवारी येथे आला, तर अर्ध्या वाटेतच त्याच्या पोटऱ्या थरथरू लागतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तो कठड्याला टेकून बसतो. घरी परतल्यावर तो स्वतःलाच आळशी ठरवितो व दुसऱ्या दिवसापासून आणखी एक पोळी कमी करतो. येथेच सगळा घोटाळा आहे.

शरीरात चरबीचा साठा भरपूर असला, तरी चढण चढताना लागणारी ऊर्जा केवळ त्या साठ्यातून हव्या त्या वेगाने मिळत नाही. नेट लावून केलेल्या हालचालीसाठी स्नायूंना ग्लायकोजेन लागते. पिष्टमय अन्नातील साखर या रूपात यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास साठविलेली असते. आहार एकाएकी निम्म्यावर आणला, भात व पोळी पार बंद केली, की हा साठा काही दिवसांतच ओसरतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणीही बाहेर पडते. पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली आल्याचा जो आनंद साजरा होतो, त्यातील बराचसा भाग या पाण्याचाच असतो. आनंद पाण्याचा, थकवा मात्र खरा!

उपाशी शरीर काटकसर कशी करते, याचा सर्वांत काटेकोर अभ्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झाला. अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे निम्म्याच्या आसपास आहारावर ठेवले. त्यांना दिवसाला सुमारे १६०० उष्मांक मिळत आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालावे लागे. त्यांचे वजन सरासरी एक चतुर्थांशाने घटले, परंतु त्याबरोबरच शरीराचा मूळ ऊर्जाव्यय मंदावला. त्यांना सतत थंडी वाजे, मन चिडचिडे होई आणि अनावश्यक हालचाल नकोशी वाटे. हे तरुण स्थूल नव्हते, त्यामुळे त्यांचा अनुभव जसाच्या तसा स्थूल माणसाला लावता येणार नाही. तरीही त्यातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्यापैकी कोणीही आळशी नव्हता. अन्नाच्या अभावी शरीरच हालचाल आवरते घेत होते. आजही कडक पथ्य पाळणारी व्यक्ती सकाळी तासभर चालते आणि उरलेला दिवस नकळत खुर्चीत घालविते. सकाळी कमावलेले संध्याकाळपर्यंत फिटून जाते.

महाराष्ट्रात या विषयाला एका गाजलेल्या वादाचीही किनार आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, तेही प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवावे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असा मंत्र घरोघरी पोहोचविला. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडे थोडे पण वारंवार खाण्याचा पुरस्कार करीत होत्या. २०१८-१९च्या सुमारास कौटुंबिक समारंभांतही ‘दीक्षित की दिवेकर’ हा प्रश्न रंगत असे. दोन्ही मार्गांनी अनेकांचे वजन उतरले, हे नाकारता येत नाही. मात्र थकव्याच्या दृष्टीने पाहिल्यास जेवणे किती वेळा यापेक्षा त्या जेवणात काय आणि किती, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. दोन वेळा जेवणारा प्रत्येक वेळी भात आणि पातळ वरण एवढ्यावरच थांबला, तर प्रथिने अपुरी पडतात आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलूच नयेत. रिकाम्या पोटी चालताना साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित समजावी आणि वजन उतरविण्याचा आहारही दिवसाला १००० उष्मांकांच्या खाली नेऊ नये. ही शेवटची मर्यादा आहे, ध्येय नव्हे. बहुतेक प्रौढांना रोजच्या गरजेतून ४००-५०० उष्मांक कमी करणे पुरेसे असते. साखरेचा चहा, फरसाण, बेकरीतील पदार्थ व तेल यांना कात्री लावली, की तेवढे सहज कमी होतात. त्यासाठी ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, दही, अंडी यांवर गदा आणण्याचे कारण नाही. चालायला निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास एखादे केळे किंवा मूठभर फुटाणे खाल्ल्याने पथ्य मोडत नाही. उलट पाय उचलतात.

व्यायामाची सुरुवातही अशीच बेताने हवी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. परंतु २०२०च्या सूचनांत तो सलग किमान दहा मिनिटे करण्याची जुनी अट काढून टाकण्यात आली. म्हणजे जेवणानंतरची पाच-सात मिनिटांची फेरी आणि कार्यालयातील दोन मजल्यांचे जिने हेही हिशेबात धरले जातात. ज्याला पंधरा मिनिटांनी धाप लागते, त्याने दहा मिनिटेच चालावे, पण रोज. चालताना बोलता यावे, गाता मात्र येऊ नये, ही वेगाची साधी कसोटी आहे. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस, भिंतीला रेटून जोर असे स्नायूंचे व्यायाम जोडल्यास झीज थांबते.

एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांत शक्ती येत नसेल, तर कारण आहाराच्या पलीकडे शोधावे लागते. सर्वांत नेहमीचे कारण रक्तक्षय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. हिमोग्लोबिन कमी असलेल्या स्त्रीला ‘जरा मनावर घ्या’ असे सांगणे हा निव्वळ अन्याय आहे. तिला लोह हवे, जेवणाबरोबर लिंबू हवे आणि जेवणापाठोपाठचा चहा टाळायला हवा, कारण चहामुळे लोहाचे शोषण घटते. याखेरीज थायरॉइडची मंदावलेली ग्रंथी वजन वाढविते आणि अंगही जड करते. ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव शाकाहारी व्यक्तींत, तसेच मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत आढळतो. मोठ्याने घोरणारा, सकाळी डोके जड घेऊन उठणारा स्थूल माणूस रात्रभर झोपूनही थकलेलाच असतो. त्याला झोपेतील श्वासरोधाची तपासणी लागते.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात आणखी एका विकाराचा विचार करावा लागतो, तो म्हणजे सिकलसेल. पूर्व विदर्भातील आदिवासी व इतर काही समाजांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्यायाम ठरवावा. केवळ वाहक असलेल्या व्यक्तीला सहसा त्रास होत नाही. तरीही नवतपाच्या दिवसांत पाणी न पिता गडाची चढण एका दमात चढण्याचे धाडस तिनेही करू नये.

चालताना छातीत दाब येणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे, भोवळ येणे यांना अशक्तपणा समजून घरी पडून राहू नये. त्याच दिवशी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

२०२५ पासून भारतात वजन घटविणारी टिर्झेपॅटाइड व सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने उपलब्ध झाल्यावर या थकव्याला एक नवे कारण मिळाले. या औषधांनी भूक इतकी मंदावते, की रुग्ण दिवसभर जेमतेम काही घास खातो आणि तक्रार करावी असे त्याला वाटतही नाही. मळमळीमुळे पाणीही कमी प्यायले जाते. अशा रुग्णाने भुकेची वाट न पाहता ठरलेल्या वेळी डाळ, दही, अंडी किंवा पनीर यांपैकी काही तरी पोटात घालावे आणि गळून गेल्यासारखे वाटू लागल्यास पुढची मात्रा वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे.