दगडातले प्राणी आणि आपला इतिहास



आपल्या घराघरांत तथागतांची आणि बोधिसत्त्व बाबासाहेबांची तसबीर असते. पण कुणी हत्ती, हरिण, माकड यांची चित्रे किंवा शिल्पे जमवू लागला, की आपण म्हणतो, हा श्रीमंतांचा शौक! आमचे म्हणणे वेगळे आहे. या प्राण्यांत आपल्या पूर्वजांचा इतिहास कोरलेला आहे.

मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भरहुत म्हणून गाव आहे. तिथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास मोठा स्तूप होता, भोवती तांबड्या दगडाचा कठडा होता. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे पोचले तेव्हा स्तूप जवळजवळ नाहीसा झाला होता. आसपासच्या लोकांनी विटा आणि दगड घरे बांधायला नेले होते. जेवढा कठडा मातीत गाडला गेला, तेवढाच वाचला. लोकांना तरी दोष कसा द्यायचा? धम्मच विसरला गेला, तिथे दगड कोण ओळखणार!

या कठड्यावर जातककथा कोरल्या आहेत. एका वर्तुळात हरणाची कथा आहे. बुडणाऱ्या माणसाला हरीण वाचवते, आणि तोच माणूस पुढे राजाला त्याचा ठावठिकाणा दाखवतो. उपकाराची ही अशी फेड! तरी हरीण राजाला धम्म सांगते. दुसरीकडे झाडावरचा कोंबडा आणि खाली त्याला लग्नाची लालूच दाखवणारी मांजर आहे. कोंबडा काही फसत नाही. गोड बोलून जवळ येणारा प्रत्येक जण मित्र नसतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

कनिंगहॅम यांनी हे दगड कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये हलवले. मूळ जागेवरून दगड उचलणे योग्य नाही, अशी टीका तेव्हाही झाली. आम्हालाही वाटते, शिल्पाची खरी जागा स्तूपापाशी. पण तिथे राहिले असते तर तेही कुणाच्या तरी भिंतीत गेले असते. मागे राहिलेले काही दगड नंतर अलाहाबादच्या संग्रहालयात आले. गोळा करणाऱ्यांनी गोळा केले, म्हणून आज आपण पाहू शकतो.

आणि हे दगड घडवले कुणाच्या पैशाने? एकट्या राजाच्या नव्हे. भिक्खू, भिक्खुणी, साधे उपासक-उपासिका यांनी एकेक खांब दान दिला आणि त्यावर आपले नाव कोरले. त्यात आपल्या नाशिकची एक बाई आहे, वासुकाची पत्नी गोरखिता. नाशिक कुठे, भरहुत कुठे! दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईने दिलेल्या दानाची पावती दगडावर अजून वाचता येते. आम्हाला इतिहासच नव्हता असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे.

म्हणून आमची विनंती आहे. अस्सल मूर्ती विकत घ्यायच्या मागे कुणी लागू नये, चोरीचा माल त्याच वाटेने येतो. छापील चित्रे, फोटो, प्लास्टरच्या प्रतिकृती जमवा आणि विहाराच्या भिंतीवर लावा. भरहुतच्या कारागिरांनी चित्राशेजारी जातकाचे नाव कोरले होते, म्हणूनच आज ती कथा ओळखता येते. आपणही प्रत्येक चित्राखाली कथेचे नाव लिहू या आणि रविवारी मुलांना ती कथा सांगू या. नुसता हत्ती दिसला तर मूल हत्ती म्हणेल. कथा माहीत असेल तर धम्म म्हणेल.

जय भीम! नमो बुद्धाय!