ब्रेक पॅडची निवड : इतिहास काय शिकवतो?

हौशी मोटार शर्यतीसाठी गाडी तयार करताना ‘सर्वांत चांगला ब्रेक पॅड कोणता?’ असा प्रश्न हमखास येतो. हा प्रश्न अपुरा आहे. ‘किती तापमानाला चांगला?’ हे आधी विचारायला हवे. त्याचे कारण इतिहासात सापडते.

१८८८ मध्ये बेर्टा बेन्झ यांनी जर्मनीत मानहाइम ते फोर्झहाइम असा सुमारे १०० किलोमीटरचा मोटारप्रवास केला. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेत चांभाराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले. ब्रेक लायनिंगची ही सुरुवात मानली जाते. १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी घर्षण-साहित्याचा उद्योग सुरू केला. तीच फेरोडो कंपनी. चामडे व कापूस उष्णतेने जळतात, म्हणून पुढे अ‍ॅस्बेस्टॉस आले. त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरल्याने अनेक देशांनी त्यावर बंदी घातली.

ड्रम ब्रेकमध्ये उष्णता कोंडते. ड्रम प्रसरण पावतो, पेडल खोल जाते आणि तापलेल्या लायनिंगचे घर्षण घटते. यालाच ‘ब्रेक फेड’ म्हणतात. १९५३ च्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत जग्वार सी-टाइप गाडी डनलॉपच्या डिस्क ब्रेकसह जिंकली. उघड्या डिस्कला वारा लागतो, त्यामुळे वारंवार ब्रेक लावूनही पकड टिकते.

आता हिशोब करा. १००० किलोग्रॅमची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगावरून थांबवताना २०० किलोजूल ऊर्जा शोषावी लागते; ताशी १४४ वरून ८०० किलोजूल. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट! ही ऊर्जा मुख्यतः उष्णता होऊन डिस्क-पॅडमध्ये जाते.

म्हणून रस्त्यावरचा पॅड शर्यतीत काही फेऱ्यांतच फेड होऊ शकतो. उलट, अति उच्च तापमानासाठी बनवलेला शर्यतीचा पॅड थंड असताना पुरेसा पकडत नाही. तो लावून घरी निघालात, तर पहिल्याच सिग्नलला धोका संभवतो. तेव्हा सरावात तापमानदर्शक रंगाने डिस्कचे तापमान मोजा, त्या पल्ल्यातला पॅड निवडा आणि परतताना रस्त्याचे पॅड पुन्हा बसवा. ब्रेक ऑइलही तपासा. ते उकळले तर उत्तम पॅडही निरुपयोगी.

स्वाध्याय : वरील गाडी ताशी १०८ किलोमीटर वेगावरून थांबवताना किती ऊर्जा शोषावी लागेल?