तांबडा रस्सा, तांबडी वाईन

फ्रान्सचा राजा चौदावा लुई जेवायला बसे तेव्हा त्याच्या ताटाशेजारी प्याला नसे. राजाला तहान लागली की तसा पुकारा होई, सेवकांची छोटी मिरवणूकच निघे, आधी कोणीतरी चाखून बघे आणि मग पाणी घातलेली वाईन राजाच्या हातात पडे. पिऊन झालं की प्याला परत. बड्या सरदारांकडेही थोड्याफार फरकानं हीच रीत होती. ग्लास बाजूच्या मेजावर गार पाण्यात ठेवलेले असत आणि मागितल्यावर नोकर ते आणून देई. जेवणाच्या मेजावर मात्र सूप, भाजलेले पक्षी, मासे, भाज्या असे अनेक पदार्थ एकाच वेळी मांडलेले असत. हाताला येईल ते पाहुण्यानं घ्यावं, लांबचं राहून जावं. अशा जेवणात ‘या पदार्थाबरोबर कोणती वाईन’ हा प्रश्न उभाच राहत नाही.

लुईची वाईन ठरवली ती त्याच्या वैद्यानं. गी-क्रेसां फागों यानं १६९०च्या दशकात राजाची शांपेन प्रांतातली वाईन बंद करून बर्गंडीची जुनी वाईन सुरू केली. कारण होतं राजाचं सांध्यांचं दुखणं. शरीरातल्या चार रसांचा तोल सांभाळण्यावर तेव्हाच्या युरोपी वैद्यकाचा भर होता आणि वाईन हे त्यातलं एक औषध होतं. पुढे कितीतरी वर्षं बर्गंडी आणि शांपेनचे वैद्य आपल्याच प्रांताची वाईन प्रकृतीला हितकर असल्याचं सांगत पत्रकं काढून भांडत राहिले. जिभेचं मत कोणी विचारलं नाही.

मटणाबरोबर लाल, माशाबरोबर पांढरी हा नियम आज वेदवाक्यासारखा सांगितला जातो. पण तो रुजायला आधी वाढण्याची पद्धत बदलावी लागली. तो बदल फ्रान्समध्ये आला रशियाकडून. प्रिन्स अलेक्झांडर कुराकिन हा रशियाचा राजदूत पॅरिसमध्ये असताना, १८१०च्या सुमारास, त्याच्याकडच्या मेजवान्यांत एका वेळी एकच पदार्थ गरमागरम आणून प्रत्येकाला वाढला जाई. ही पद्धत फ्रान्समध्ये त्यानंच आणली असं सांगतात. श्रेय कोणाचंही असो, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती युरोपभर पसरली. पदार्थ रांगेनं येऊ लागले तसे ग्लासही रांगेनं लागले आणि प्रत्येक पदार्थाला आपली वाईन मिळाली.

त्या रांगेतल्या जोड्या मात्र आजच्या नव्हत्या. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच मेजवान्यांत कालवांबरोबर सोतर्न ही मधासारखी गोड वाईन खुशाल दिली जाई. आज कोणी तसं केलं तर जाणकार भुवया उंचावतील. ब्रिया-सावारें या खवय्या न्यायाधीशाचा जिव्हाशास्त्रावरचा प्रसिद्ध ग्रंथ १८२५ साली आला. सौम्य वाईन आधी आणि कडक, सुगंधी वाईन नंतर, हा क्रम त्यानं सांगितला. जेवताना वाईन बदलू नये असं म्हणणाऱ्यांना त्यानं पाखंडी ठरवलं, कारण तिसऱ्या प्याल्यानंतर उत्तम वाईनचीही चव जिभेला बोथट लागते. हा सगळा विचार क्रमाचा आहे. मटण आणि मासे यांची काटेकोर वाटणी त्यात नाही.

इंग्रजांनी लाल वाईन हिंदुस्थानात आणली ती बोर्दोची, म्हणजे त्यांच्या भाषेत क्लॅरेट. अठराव्या शतकातल्या कलकत्त्यात ती इतकी रिचवली जाई की नोकरचाकरांच्या तोंडचं ‘लाल शराब’ हेच तिचं नाव साहेबांच्या बोलण्यात शिरलं. मे महिन्यात बोर्दो प्यायची कशी, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न. त्यासाठी घरात आबदार नावाचा वेगळा नोकर असे. पाण्यात सोरा विरघळवला की पाणी गार होतं. त्यात बाटल्या फिरवत बसणं हे त्याचं काम. १८३४ मध्ये अमेरिकेतून जहाजानं आलेला बर्फ मुंबईत उतरला आणि सोऱ्याची गरज कमी होत गेली.

आबदाराची ही गोष्ट आज कोणाला आठवत नाही आणि पुण्यामुंबईत लाल वाईन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी हा उपदेश बिनदिक्कत पाळला जातो. ती खोली युरोपातली आहे, जुन्या दगडी घरातली, जिथे पारा सोळा-अठराच्या वर जात नसे. एप्रिलमधल्या नागपूरच्या स्वयंपाकघरातली नव्हे. तीस-बत्तीस अंशांना लाल वाईनचा सुगंध अल्कोहोलच्या वाफेखाली दबतो आणि ती नुसती जाळते. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडावी. यात कसलाही अपमान नाही.

गोव्यात लाल वाईन वेगळ्या वाटेनं, थेट पातेल्यात शिरली. लसूण आणि वाईनमध्ये मुरवलेलं डुकराचं मांस हा पोर्तुगीजांचा जुना पदार्थ. लांबच्या समुद्रप्रवासात मांस टिकावं ही त्यातली सोय. गोव्यात वाईनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं, अमेरिकेतून आलेली मिरची पडली आणि त्याचं विंदालू झालं. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत, जिथे घरची बोली मराठीच आहे, तिथेही या कुळातले पदार्थ शिजतात आणि नाताळाला काळ्या द्राक्षांची गोडसर वाईन बरणीत मुरते. मराठी माणूस वाईन परवा शिकला असं म्हणणाऱ्यांनी वसईला एकदा जाऊन यावं.

उरलेल्या महाराष्ट्रात मात्र वाईन जेवणघरात पोहोचण्याच्या आधी शेतात पोहोचली. नाशिक, सांगली, जुन्नरकडे द्राक्षं होतीच, पण ती खायची: थॉमसन सीडलेस, पातळ सालीची, बिनबियांची. लाल वाईनला नेमकं उलट लागतं. जाड साल, भरपूर बी, छोटा मणी. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं वाईन उद्योग उभा केला. त्यांची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाईन परदेशातही विकली गेली. कंवल ग्रोव्हर यांनी बंगळुरूजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी फ्रेंच जातीची द्राक्षं लावली आणि पुढे बोर्दोचे नामांकित सल्लागार मिशेल रोलां यांना सोबत घेतलं. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परतले आणि नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या बाजूला, घरच्या जमिनीत वेली लावल्या. त्यांच्या ‘सुला’ कंपनीच्या २००० साली बाजारात आलेल्या पहिल्या वाईन पांढऱ्या होत्या, सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां. शिराझ, झिनफँडेल या लाल वाईन त्यामागून आल्या.

नाशिकच्या हवेत द्राक्षाचं वर्ष युरोपच्या उलट चालतं. तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. इथे त्या वेळी छाटणी होते आणि तोडणी जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात घड पिकू द्यायचे नाहीत, हे त्यामागचं साधं गणित. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर हिवाळ्याच्या रात्री गार पडतात म्हणून द्राक्षात आंबटपणा टिकतो. तो टिकला नाही तर लाल वाईन पाकासारखी जड होते.

२००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलती दिल्या आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला, सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. हेतू शेतकऱ्याच्या मालाला दुसरं गिऱ्हाईक मिळवून देण्याचा होता. दुसऱ्या बाजूला १९४९चा दारूबंदी कायदा आणि त्यातला पिण्याचा परवाना कायमच राहिला. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली तेव्हा अण्णा हजारे यांच्यापासून विरोधी पक्षापर्यंत सगळीकडून टीका झाली आणि अंमलबजावणी रखडली. शेतीमाल म्हणून सरकार जिचं कौतुक करतं, ती बाटली घरी नेताना मात्र अजून वर्तमानपत्रात गुंडाळली जाते.

घरी नेली, उघडली, मग कशाबरोबर प्यायची? इथे फ्रेंच पुस्तकं फारशी उपयोगी पडत नाहीत. मराठी ताट रशियन पद्धतीचं नाही, ते चौदाव्या लुईच्या मेजासारखं आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, सुकं, रस्सा, भाकरी, भात, सगळं एकाच वेळी समोर. दर घासाला चव बदलणार आणि ग्लास मात्र एकच. त्यामुळे पदार्थागणिक वाईन शोधण्यापेक्षा ताटातल्या सगळ्यात दांडग्या पदार्थाला पेलेल अशी एकच वाईन निवडणं शहाणपणाचं.

पेलण्याचं शास्त्र अवघड नाही. लाल वाईन सालीबियांसकट आंबवतात, त्यामुळे तिच्यात टॅनिन उतरतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड कोरडं पडतं, जांभळाची बी चावल्यावर पडतं तसं. मांसातली चरबी आणि प्रथिनं समोर असली की हा तुरटपणा निवळतो. मिरचीचं उलट आहे. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं आणि उष्ण प्रदेशातल्या लाल वाईनमध्ये ते साडेतेरा-चौदा टक्के सहज असतं. म्हणून कोल्हापुरी ताटात शिराझचा घोट सुक्या मटणाबरोबर घ्यावा, खोबऱ्याच्या दुधातल्या पांढऱ्या रश्शाबरोबरही चालेल. तांबडा रस्सा ओरपताना मात्र ग्लास बाजूला असलेला बरा. नागपूरच्या सावजीपुढे तर कोणत्याच लाल वाईननं उभं राहू नये. शाकाहाऱ्यांनी हिरमुसायचं कारण नाही. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि शिराझ ही जोडी उत्तम जमते, कारण धुराचा वास दोघांकडे असतो. शेंगदाण्याचं कूट भरलेली वांगीही चालतात. आंबटाशेजारी वाईनचा आंबटपणा दबून ती सपक लागते, म्हणून चिंचगुळाची आमटी त्या रात्री नको.

माशांविषयीचा जुना नियम बराचसा खरा निघाला. जपानमधल्या मर्शियन कंपनीच्या संशोधकांनी ३८ लाल आणि २६ पांढऱ्या वाईन शिंपल्यातल्या स्कॅलपबरोबर चाखवल्या आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापला: वाईनमध्ये लोह जितकं जास्त, तितका तोंडात मागाहून येणारा माशाचा उग्र वास जास्त. रंगाशी त्याचा थेट संबंध नाही, पण लाल वाईनमध्ये लोह बहुधा जास्त सापडतं. बांगडा, तारली यांच्यासारख्या तेलकट माशांबरोबर ही जोखीम कशाला घ्यावी?

चव पारखायची तर बाटली झाकून. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्पुरियर या पॅरिसमधल्या इंग्रज वाईन व्यापाऱ्यानं नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन नावं लपवून ठेवल्या. लाल वाईनमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपची १९७३ची काबर्ने, बोर्दोच्या खुद्द मुतों-रोथशिल्डला मागे टाकून. परीक्षकांचे चेहरे काय झाले असतील ते सांगायला नको. २००१ मध्ये बोर्दो विद्यापीठातल्या ५४ विद्यार्थ्यांनी तर लाल रंग मिसळलेल्या पांढऱ्या वाईनच्या वासाचं लाल वाईनचीच विशेषणं लावून वर्णन केलं, आणि ते सगळे वाईनशास्त्र शिकत होते! डोळे जिभेला सर्रास फसवतात.

तेव्हा घरी तीन लाल बाटल्या आणाव्यात: एक नाशिकची शिराझ, एक काबर्ने, एक बाहेर देशची. त्या कागदात गुंडाळून त्यावर आकडे घालावेत. चव घेण्यासाठीचा प्रमाण ग्लास १९७७ पासून ठरलेला आहे, २१५ मिलिलिटरचा आणि वर निमुळता; त्यात जेमतेम ५० मिलिलिटर ओततात. तो नसला तर वर निमुळता होणारा कोणताही काचेचा ग्लास चालेल, स्टीलचा पेला नको. पहिला घोट उपाशी जिभेवर, दुसरा सुक्या मटणाच्या नाहीतर भरताच्या घासानंतर. वास घेताना परदेशी पुस्तकातली ब्लॅककरंट, रास्पबेरी शोधत बसू नये. जांभूळ, करवंद, मिरी, भिजलेली माती सापडली तर तेच लिहून ठेवावं. आणि त्या दिवशी बाजारातून ताजी सुरमई मिळाली असेल, तर लाल बाटल्या कपाटातच राहू द्याव्यात आणि शेनिन ब्लां गार करायला ठेवावी.