मिठाचा आणि शिपायांचा वाडा

स्वित्झर्लंडला राजा नव्हता, तरी तिथे सरदारी थाटाचे वाडे जागोजागी उभे आहेत. ते कशाच्या जोरावर उठले, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर म्हणजे जमीन: कुळांचा सारा, गावांचा दशमांश. बर्नच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. १५३६ मध्ये बर्नने वो प्रांत जिंकला आणि तिथल्या सुभेदाऱ्यांवर शहरातली मोजकी घराणी अडीच शतके पोसली गेली. पण झोलोथुर्न शहराजवळच्या वाल्डेग वाड्यापाशी हे उत्तर तोकडे पडते. तो वाडा १६८२ ते १६८६ या काळात योहान व्हिक्टर फॉन बेझेनव्हालने उन्हाळ्यात राहण्यासाठी बांधला. त्याच्या घराण्याकडे पिढीजात जहागीर नव्हती. बाप मार्टिन आओस्ता खोऱ्यातून आलेला व्यापारी, मिठात आणि वाइनमध्ये पैसा कमावलेला. दुसरी मिळकत माणसांची होती. १५२१ च्या तहाने फ्रान्सच्या राजाला स्विस शिपाई भरती करण्याची मुभा मिळाली होती आणि त्याचा राजदूत झोलोथुर्नातच मुक्कामाला असे. तुकडीचा कप्तान तेव्हा एका अर्थाने ठेकेदारच: राजाकडून शिपायामागे रक्कम घ्यायची, खर्च वजा जाता उरेल ते आपले.

ही मिळकत वाड्याच्या घडणीतही दिसते. दक्षिणेकडची दर्शनी बाजू लांबलचक, मनोऱ्यांनी नटलेली, दोन्ही अंगांना बुटक्या ओवऱ्या जोडून आणखी ताणलेली. मागे मात्र इमारत अगदी बेताची. बागेतून येणाऱ्या पाहुण्याला वाडा आहे त्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. जमीनदाराला धान्याची कोठारे पुरतात, असा देखावा लागतो तो राजदूताला जेवायला बोलावणाऱ्याला. ही निव्वळ फ्रेंच नक्कल, असे कोणी म्हणेल. पण मनोऱ्यांचे घर हा मुळात झोलोथुर्नचा स्थानिक प्रकार. वाल्डेगने तोच फ्रेंच ऐटीत ताणला. शहराच्या सभेत बसणाऱ्याला गावचेही दिसावे लागते, हे त्यामागचे शहाणपण असावे.

फ्रान्सच्या राजाशी बांधलेले हे नाते फ्रेंच राज्यक्रांतीत तुटले. याच वाड्याच्या मालकाचा नातू पिएर व्हिक्टर १७८९ च्या जुलैत पॅरिसभोवतीच्या राजाच्या फौजेचा सेनापती होता. त्याने फौज मागे घेतली आणि बास्तीयचा किल्ला पडला. १० ऑगस्ट १७९२ ला पॅरिसच्या तुइलरी राजवाड्यात शेकडो स्विस शिपाई कापले गेले. त्याच वर्षी झोलोथुर्नमधला फ्रेंच राजदूताचा मुक्काम हलला.