समघटकता : संकल्पनेचा इतिहास

दोन संयुगांत तीच मूलद्रव्ये त्याच प्रमाणात असूनही रेणूतील अणूंच्या मांडणीमुळे त्यांचे गुणधर्म भिन्न असतात, या आविष्काराला समघटकता म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पदार्थाचे गुणधर्म त्याच्या संघटनावरून ठरतात, असा समज दृढ होता. १८२४ च्या सुमारास व्हलर यांनी सिल्व्हर सायनेटाचे व लीबिक यांनी सिल्व्हर फल्मिनेटाचे विश्लेषण केले. पहिले लवण निरुपद्रवी, तर दुसरे अल्प घर्षणानेही स्फोट पावणारे. परंतु दोहोंचे संघटन एकच आढळले. व्हलर यांचे विश्लेषण चुकले असावे, असे लीबिक यांना प्रथम वाटले; फेरतपासणीत मात्र दोघेही बरोबर ठरले व पुढे त्यांची आजन्म मैत्री जुळली. १८२८ मध्ये व्हलर यांनी अमोनियम सायनेटापासून यूरिया बनविला, तोही याच आविष्काराचा पुरावा होय. या प्रयोगाच्या प्रसिद्धीत ही बाजू बहुधा झाकली जाते. बर्झीलियस यांनी १८३० मध्ये ‘समान भाग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून या आविष्काराला नाव दिले.

नाव मिळाले, तरी मांडणी म्हणजे नेमके काय हे अस्पष्टच होते. १८४८ मध्ये पाश्चर यांनी रॅसेमिक अम्लाच्या सोडियम अमोनियम लवणाचे स्फटिक तपासले. त्यांत परस्परांच्या आरशातील प्रतिमांसारखे दोन प्रकार दिसले. ते त्यांनी हाताने वेगळे केले. एका प्रकारच्या विद्रावाने ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे, तर दुसऱ्याच्या विद्रावाने डावीकडे वळले. (हे लवण सुमारे २७° से. पेक्षा कमी तापमानातच असे वेगवेगळ्या स्फटिकांत मिळते. तेव्हा हवामानही अनुकूल ठरले, असे म्हणावे लागते.) १८७४ मध्ये व्हांट हॉफ व ल बेल यांनी स्वतंत्रपणे याचा उलगडा केला : कार्बनाचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे रोखलेले असतात व त्यांना चार भिन्न गट जोडलेले असल्यास दोन मांडण्या संभवतात. कोल्बे यांनी १८७७ मध्ये ही कल्पना निव्वळ कल्पनाविलास ठरवून व्हांट हॉफ पशुवैद्यक विद्यालयात नोकरीस असल्याबद्दलही त्यांचा उपहास केला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये व्हांट हॉफ यांनाच मिळाले.

या भेदाचे गांभीर्य औषधांच्या बाबतीत विशेष जाणवते. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले थॅलिडोमाइड गर्भातील बालकांना अपंग करते असे आढळल्याने १९६१ मध्ये तेथे मागे घेण्यात आले. हे औषध दोन प्रतिबिंबरूपांचे मिश्रण होते व हानी त्यांपैकी एकाकडे असल्याचे मानतात. तथापि दुसरे रूप शुद्ध स्वरूपात दिले असते तरी अनर्थ टळला नसता. कारण शरीरात ही रूपे एकमेकांत बदलतात.