संपाचा हक्क : १९३८ चा लढा आणि आजचा कायदा

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने कामगार संघटनांना नोंदणी आणि कायदेशीर संरक्षण मिळाले. पण संप करायचा हक्क किती, हा वाद पुढे मुंबई प्रांतात पेटला.

१९३८ मध्ये प्रांतातील काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. समेटाची प्रक्रिया पूर्ण होण्याआधी केलेला संप त्यात शिक्षापात्र ठरत होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा असा : काम थांबवणे हा फार तर कराराचा भंग आहे, गुन्हा नव्हे. माणसाला इच्छेविरुद्ध राबायला लावणे ही गुलामगिरीच. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. कायदा मात्र अमलात आला.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपापूर्वी नोटीस देण्याची सक्ती सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरती होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने १४ दिवसांच्या नोटिशीची अट सर्वच औद्योगिक आस्थापनांना लावली. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही आता संपच मानली जाते.

संविधानाचे कलम १९ संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य देते. संप हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच म्हटले आहे. म्हणजे हा हक्क कायद्यावर उभा आहे आणि कायदा बदलला की तो आक्रसतो. म्हणूनच विधिमंडळातला विरोध आणि रस्त्यावरचा संप, बाबासाहेबांनी दोन्ही आघाड्या लढवल्या.