महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयविषयक कायदा

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांचे नियमन 'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७' या कायद्याने होते. तो १ मे १९६८ पासून अंमलात आला. ग्रंथालये हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत असल्याने प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, आणि ज्या राज्यांनी कायदा केलेला नाही तेथे सर्व व्यवहार प्रशासकीय आदेशांवर चालतो.

== पार्श्वभूमी ==

कायदा होण्याच्या बऱ्याच आधीपासून येथे लोकांनी वर्गणी काढून ग्रंथालये चालविली होती. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मधील, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधील आहे. मुंबई इलाख्यात ए. ए. ए. फैजी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४० च्या सुमारास ग्रंथालयविकासाची योजना सुचविली. करवीर संस्थानाने १९४५ मध्ये स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता. मद्रास प्रांताचा बहुचर्चित कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

== उपकर की अनुदान ==

मद्रासच्या १९४८ च्या व कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यांत मालमत्ताकरावर ग्रंथालय उपकर बसविण्याची तरतूद आहे. गोव्याच्या १९९३ च्या कायद्यात तर मद्यावरील अधिभारातून ग्रंथालयांसाठी निधी उभारण्याची सोय केली आहे. महाराष्ट्राने उपकर टाळला. त्याऐवजी अधिनियमाने ग्रंथालय निधी निर्माण केला आणि त्यात शासनाने दरवर्षी किमान २५ लाख रुपये जमा करावेत असे ठरविले. प्रत्यक्ष तरतूद आज या रकमेच्या कितीतरी पट असली, तरी ती ठरते अर्थसंकल्पात. कायद्याने निश्चित केलेले असे स्वतंत्र उत्पन्न ग्रंथालयांना नाही. येथील बहुतेक वादांचे मूळ याच निवडीत आहे.

बहुसंख्य ग्रंथालये नोंदणीकृत संस्था चालवितात. १९७० च्या नियमांनुसार त्यांना शासनमान्यता मिळते व अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान दिले जाते. दैनिके व नियतकालिके वाचण्यासाठी वाचनालय मुक्तद्वार असते. पुस्तक घरी नेण्यासाठी मात्र अनामत व वर्गणी द्यावी लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली. तोवर जुन्याच दरांवर वर्षानुवर्षे काम चालले होते.

== कर्मचाऱ्यांचा प्रश्न ==

अनुदान शासनाचे, परंतु ग्रंथपाल, लिपिक व शिपाई हे नोकर संस्थेचे, अशी कायदेशीर स्थिती आहे. त्यामुळे शिक्षकांना मिळते तशी वेतनश्रेणी व निवृत्तिवेतन त्यांना लागू होत नाही, आणि खेड्यातील ड वर्गाच्या ग्रंथालयात हे मानधन पूर्णवेळ कामाचे म्हणता येईल इतकेही नसते. प्रभा राव व व्यंकप्पा पत्की यांच्या समित्यांनी या प्रश्नाचा विचार केला. वेतनश्रेणीची मागणी तरीही कायम आहे.

== स्वामित्वहक्क ==

जुन्या संग्रहांच्या अंकीकरणामुळे प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ महत्त्वाचा ठरतो. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी काढण्याची मुभा अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयास आहे. २०१२ च्या दुरुस्तीने, मूळ प्रत आधीच संग्रही असल्यास, जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत साठविण्यास परवानगी दिली. मात्र ही सवलत जतनापुरती आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर ती प्रत हक्कधारकाच्या संमतीविना महाजालावर सर्वांना खुली करता येत नाही.

<nowiki></nowiki>